चित्रकलेच्या तासाला ‘वारली काढा’

डहाणूहून बोर्डीकडे निघालं की आधी नरपड, मग चिखले, मग घोलवड. एका हाताला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या आणि रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की डोंगराकडचे पाडे. या पट्ट्यातल्या शाळांच्या भिंतींवर एक चित्र हमखास भेटतं. गेरूच्या रंगाच्या पट्ट्यावर पांढरा तारपा नाच: मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती गुंडाळत गेलेली माणसांची रांग, एका कोपऱ्यात झोपडी, दुसऱ्यात ताडाचं झाड. बाहेरून आलेला पाहुणा ते पाहून खूश होतो, फोटो काढतो. मला मात्र दर वेळी विचारावंसं वाटतं, हे काढलं कोणी? बहुतेकदा उत्तर येतं की पेंटरनं. मुलांनी त्यातली एक रेघही ओढलेली नसते.

हे दुसरीकडे कुठे घडलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण शाळेत मुलांच्या हातांना काम कसं द्यावं, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात धीट प्रयोग याच भागात झाला. आणि ज्या चित्रकलेचं नाव जगभर गेलं, तिचं घरही इथेच आहे. या दोन गोष्टींमध्ये दहा-पंधरा किलोमीटरचंच अंतर आहे. तरीही आजच्या शाळेत दोन्हींची सावलीच तेवढी उरली आहे, असं माझं मत आहे, आणि त्याची कारणं नीट मांडायला हवीत.

1945 साली ताराबाई मोडक चिखल्यापासून थोड्याच अंतरावर, बोर्डीला आल्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली होती आणि माँटेसरी पद्धत त्यांनी पुरती पचवली होती. बोर्डीत त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि पुढे जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी उरलेलं सगळं आयुष्य या भागाला दिलं. दोघींसमोरची पहिली अडचण अगदी रोकडी होती. माँटेसरीची लाकडी साधनं महाग आणि ज्यांच्यासाठी शाळा काढायची ती मुलं शाळेत यायला तयार नाहीत. मग शाळाच पाड्यावर गेली, घरापुढच्या अंगणात बसली. तिथून अंगणवाडी उभी राहिली. साधनं म्हणून शंख-शिंपले आले, बिया आल्या, पानं, काड्या, खडे आणि माती आली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या मागोमाग कुरणात जाणारी कुरणशाळाही तिथलीच.

कोसबाडचा इतिहास सांगताना लोक त्यागाबद्दल भरभरून बोलतात, पद्धतीबद्दल फार थोडं. खरं महत्त्व पद्धतीला आहे. शिंपले लहान-मोठे लावणं हे गणितही होतं आणि मांडणीही. बियांची ओळ करणं म्हणजे मोजणी, आणि त्याच बियांचा पक्षी करणं म्हणजे चित्र. काहीतरी करणं, घडवणं यासाठी वेगळा तास राखून ठेवलेला नव्हता. मूल ज्या हातांनी गोवऱ्या थापतं, जाळं ओढतं, भात लावतं, त्याच हातांनी ते शिकणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

योगायोग असा की त्याच 1945 साली, महायुद्ध संपताच, इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुझी नावाचा तरुण शिक्षक तिथे सायकलवरून पोचला आणि पुढे त्यातून एक शिक्षणविचार उभा राहिला. तिथल्या बालशाळांत एक कार्यशाळा असते आणि कलेची जाण असलेला एक माणूस कायमचा नेमलेला असतो. तो चित्रं काढून दाखवत नाही. मुलांच्या मनात चाललेलं बाहेर यायला मदत करतो. आज जगभरातून शिक्षक ते पाहायला जातात. बोर्डी-कोसबाडची समज त्यापेक्षा कमी नव्हती. फरक इतकाच पडला की तिथल्या नगरपालिकेनं ती व्यवस्था आपली मानली आणि सांभाळली. आपण अंगणवाडी देशभर नेली, पण अंगणवाडी म्हणजे मुख्यतः पोषण, वजन आणि रजिस्टर होऊन बसलं. ती कामं गरजेची आहेतच, कुपोषण सोसलेल्या या भागात तर फारच. पण शिंपल्यांची पेटी वाटेत हरवली. अनुताई आणि रमेश पानसे यांनी 1982 साली सुरू केलेल्या ग्राममंगलनं डहाणू तालुक्यातच हा धागा पुढे चालवला, हे कृतज्ञतेनं नोंदवलं पाहिजे. मात्र एका संस्थेच्या शाळेत जे होतं ते सरकारी शाळेत आपोआप झिरपत नाही.

आता चित्रांकडे वळू. वारली घरातलं मूळ चित्र म्हणजे लग्नातला चौक. शेणानं सारवलेल्या, गेरू फिरवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्यानं सवाष्णी तो काढतात. चौकात पालघट देवी बसते आणि शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. लग्नाचे विधी करणारी धवलेरी गाणी म्हणते तेव्हाच चौकाला अर्थ येतो. हे पीठ भिंतीवर फार टिकत नाही. पुढचं लग्न आलं की पुन्हा सारवायचं आणि पुन्हा काढायचं. माहितीपत्रकांतून या कलेला हजारो वर्षं जुनी ठरवण्याची चढाओढ चालते. मला त्याहून मोलाचं हे वाटतं की पुसलं जाणारं चित्र प्रत्येक पिढीला आपल्या हातानं नव्यानं काढावंच लागतं. समोर ठेवायला जुना नमुनाच नसतो. हाताला वळण लागलेलं असतं आणि चौकात काय यायला हवं हे माहीत असतं, बाकी सगळं त्या बाईवर.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर कागद घेऊन आले. गंजाडच्या कळंबीपाड्यातले जिव्या सोमा म्हसे त्यांना भेटले. लहानपणी आई गेल्यावर बोलणंच थांबलेला आणि धुळीत रेघा ओढत राहणारा हा मुलगा पुढे लग्नाचा प्रसंग नसतानाही चित्र काढणारा बहुधा पहिला वारली पुरुष ठरला. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र मुलांना दाखवावं असं मला फार वाटतं. ते जवळून पाहिलं तर नुसत्या बारीक, तुटक रेघा, शेकडो, एकीला लागून दुसरी. कुठलीच रेघ दुसरीसारखी नाही. चार पावलं मागे सरकलं की त्या रेघांचं जाळं होतं, आणि ते पसरलेलं नसून पाण्यात फुगलेलं आहे असं दिसू लागतं. मासे त्यात अडकलेले, माणूस अगदी लहान. जाळं कसं ओढलं जातं हे पाहिलेल्या आणि रेघेवर हुकमत असलेल्या माणसालाच हे जमतं. माणसाची आकृतीही तशीच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालेलं शरीर आपण सगळे ओळखतो. पण म्हसेंच्या चित्रात ते त्रिकोण सहसा ताठ नसतात. वरचा एकीकडे झुकतो, खालचा दुसरीकडे, आणि दोन टोकं मिळतात तिथे कमरेत सगळी हालचाल येऊन थांबते. भात लावणारी बाई वाकलेली आहे की उठते आहे हे त्या एका बिंदूवरून कळतं.

शाळेतल्या वहीत काय दिसतं? ‘वारली काढा’ असं फळ्यावर लिहिलेलं असतं आणि शेजारी बाईंनी किंवा सरांनी काढलेला नमुना. चाळीस वह्यांत तीच झोपडी, तेच झाड, तेच ताठ उभे त्रिकोण, कवायतीला उभे असावेत तसे. वारली मुलानंही तेच काढलेलं असतं. त्याच्या आजीनं काढलेला चौक त्याला आठवत असेल, पण तो वहीत येत नाही. कारण गुण नमुन्याशी जुळण्याला आहेत.

नक्कल करण्याला माझा सरसकट विरोध नाही. पाड्यावरची मुलगीही मोठ्या बायकांचं पाहून, त्यांच्याजवळ बसून शिकते. पण ती उचलते ते हाताचं वळण, काडी कशी धरायची, पीठ किती पातळ करायचं, कुठून सुरुवात करायची हे. तिच्यासमोर तयार चित्र ठेवून ‘असंच्या असं’ कोणी म्हणत नाही. शाळेत शेवटचं चित्र उचललं जातं आणि तिथवर पोचण्याची वाट गाळली जाते. तेवढ्यानं ही कला रांगोळीच्या छापासारखी होऊन जाते.

दोष एकट्या शिक्षकांवर ढकलणं अन्यायाचं होईल. वरच्या वर्गात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असा त्यांचा साचा आहे. या परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हातात ब्रश दिला, हे खरं आहे आणि त्यासाठी त्यांचं मोल मोठं आहे. पण दहावीला जादा गुण मिळू लागल्यापासून स्मरणचित्रही पाठ करून काढलं जातं. ‘बाजाराचं दृश्य’ म्हटलं की तीन टोपल्या, एक छत्री, पाठमोरी बाई. डहाणूच्या बाजारात सुक्या मासळीच्या राशी असतात, चिकूची खोकी असतात, तलासरीहून टमटममधून उतरलेल्या बायका असतात. त्यातलं काही कागदावर येत नाही, कारण मार्गदर्शक पुस्तकातला बाजार वेगळा आहे.

आणि शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तिथे. पाड्यावरच्या छोट्या शाळेचा पट तिथवर पोचणं कठीण. म्हणजे जिथे घराच्या भिंतीवर चित्र आहे, नेमकं तिथेच शाळेला चित्रकलेचा शिक्षक नाही. माध्यमिक शाळेत पद असलंच तर त्याला आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे एटीडी लागतो. जिव्या सोमांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण आपल्याच तालुक्यातल्या हायस्कुलात चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायला ते पात्र नव्हते.

बाजाराचंही बोललं पाहिजे. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, साड्या, कप, रेल्वे स्थानकांच्या भिंती सगळीकडे ती गेली. पाड्यावरच्या कितीतरी घरांना त्यातून दोन पैसे मिळाले, आणि ज्यांनी वेठबिगारीच्या आठवणी ऐकत बालपण काढलं त्यांना ते मिळायलाच हवे होते. मात्र चौक काढणाऱ्या बायकांची नावं या सगळ्यात मागे पडली. कागद आला, विक्री आली आणि चित्रकार म्हणून ओळख प्रामुख्यानं पुरुषांना मिळाली. शाळेनं तरी ही चूक पुढे नेऊ नये.

ही कला अजून जिवंत आहे याचे पुरावे आहेत, म्हणून हे लिहितो आहे. गंजाडच्याच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर 2013 पासून केलेलं काम पाहा. गिल यांनी टिपलेल्या या परिसराच्या छायाचित्रांवर वांगड आपल्या रेघांनी गोष्ट लिहितात: इथे काय होतं, काय तुटलं, कोण आलं, कोण गेलं. चेन्नईच्या तारा बुक्सनं वारली चित्रकारांकडून ‘डू!’ हे मुलांचं पुस्तक करून घेतलं. त्यात पानोपानी माणसं काही ना काही करत असतात, कुठलाही साचा नाही. या दोन्ही ठिकाणी चित्रकाराला कोणीतरी सांगण्यासारखं काहीतरी विचारलं, म्हणून नवं चित्र आलं.

शाळेतही एवढंच करायचं आहे. ‘वारली काढा’ऐवजी ‘काल खाडीवर काय पाहिलंस ते काढ’ म्हणायचं. चिखल्याच्या ओल्या वाळूवर ओहोटीला खेकड्यांच्या बिळांभोवती बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली असते, ती रोज वेगळी. त्या वाळूत काडीनं चित्र काढायला ना कागद लागतो ना निधी. घरी वारली बोलणारं, शाळेच्या मराठीत अडखळणारं पोर आधी चित्र काढून मग त्याबद्दल बोलायला लागतं, हे बालवाडीतल्या ताईंना चांगलं ठाऊक आहे. त्यांना फक्त वेळापत्रकात जागा आणि वरून परवानगी हवी असते. शाळांत ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आता आहेच. तो स्पर्धा आणि फोटोंत न घालवता पाड्यावरच्या एखाद्या धवलेरीला, चौक काढणाऱ्या एखाद्या काकीला वर्गात मानानं बसवण्यासाठी वापरता येईल.

पालघर जिल्हा परिषदेला आणि डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला माझी विनंती आहे. या भागापुरती तरी पदविकेची अट बाजूला ठेवा. पाड्यावरच्या चित्रकारांना, विशेषतः बायकांना, शाळांत आणि आश्रमशाळांत मानधनावर नेमा, एकेकीकडे चार-पाच छोट्या शाळा द्या आणि मानधन महिन्याच्या महिन्याला पोचेल एवढं पाहा. शाळेच्या भिंती रंगवायचा ठेका द्यायचा थांबवा. भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टा गेरूनं सारवून मुलांच्या ताब्यात द्या, आणि दरवर्षी जूनमध्ये तो पुन्हा सारवा.