यंत्राला पटेल असा माणूस

(जिंतूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मित्रहो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

आजचा विषय तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा आणि नागरिकाच्या हक्कांचा आहे. पण सुरुवात मी बँकेपासून करतो. नोव्हेंबर महिना आम्हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे आपण अजून मेलेलो नाही, हे सरकारला कळवायचे. गेल्या नोव्हेंबरात मी गेलो. कोणती बँक ते सोडा. टेबलामागच्या पोराने छोटे यंत्र पुढे सरकवले. मी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल दिवा. रुमालाने पुसून झाले, कुणीतरी बोटाला खोबरेल लाव म्हणाले, तेही झाले. शेवटी पोरगा म्हणतो, “सर, मशीन घेईना हो. सिस्टीमला तुम्ही दिसंनात.” पोरगा गुणी आहे, मला ओळखतो. त्याच्या वडिलांना मी शिकवलेले. समोर मी उभा, तो मला ‘सर’ म्हणतो, आणि तरी मी आहे हे त्याला लिहिता येत नाही!

तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाची याहून मोठी फजिती नाही. देकार्तने सगळ्यावर संशय घेतला आणि शेवटी संशय घेणाऱ्या स्वतःच्या मनापाशी येऊन तो थांबला. तिथे त्याला असण्याचा पुरावा सापडला. माझ्याकडे तो पुरावा होता, पण तो चालत नव्हता. पुढे चेहरा दाखवून काम झाले, पेन्शन थांबली नाही. माझी रड सांगायला मी आलो नाही. पण रांगेत माझ्यामागे एक म्हातारी होती, आयुष्यभर कापूस वेचलेली. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. तिला ना पेन्शनचे नियम माहीत, ना चेहऱ्याची सोय. ती ‘उद्या येते’ म्हणून गेली. उद्या म्हणजे पुन्हा एसटीचे तिकीट आणि पुन्हा रोज बुडणार.

आता या अंगठ्याकडे जरा नीट पाहू. आपल्या भाषेत अंगठ्याला फार मान नाही. अंगठेबहाद्दर म्हणजे निरक्षर. अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे. सावकाराच्या कागदावर अंगठा दिला की जमीन गेली, हे मराठवाड्याला सांगायला नको. म्हणून तर प्रौढशिक्षणाच्या वर्गात पहिली गोष्ट सही शिकवत. माझ्या आईने वयाच्या चाळिशीत सही शिकली आणि पोस्टात मोठ्या ऐटीत केली. आणि आज? मुलगा इंजिनिअर, सून डॉक्टर, आजोबा पीएच. डी., सगळे अंगठेबहाद्दर!

हा फरक साधा नाही. सही ही कृती आहे. ती करायला मन लागते, ‘करणार नाही’ म्हणता येते, रागाने कागद फाडता येतो. ठसा हा शरीराचा गुण आहे. बेशुद्ध माणसाचा घेता येतो, मेलेल्याचाही घेता येतो. सही विचारते, तुला मान्य आहे का? ठसा विचारतो, तू तोच आहेस का? पहिला प्रश्न नागरिकाला विचारतात, दुसरा संशयिताला.

हे मी अलंकारिक बोलत नाही, इतिहासच तसा आहे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. ठसे जुळवायचे शास्त्र तेव्हा नव्हते. हेतू इतकाच, की गडी घाबरावा आणि पुढे ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये. हे हर्शेलने स्वतःच नंतर लिहून ठेवले. म्हणजे ओळखीच्या आधी धाक आला. १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्याला निघाले, लंडनच्या आधी. ती पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोघांचा मोठा वाटा. नाव मात्र हेन्री साहेबाचे झाले. ते असो.

मग १९०६. ट्रान्सव्हालच्या सरकारने हिंदी लोकांनी नोंदणी करावी, दहाही बोटांचे ठसे द्यावेत, असा वटहुकूम काढला. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गला सभा झाली आणि गांधींच्या सत्याग्रहाचा आरंभ तिथे झाला. म्हणजे ज्याला आपण सत्याग्रह म्हणतो त्याचा पहिला विषय मीठ नव्हता, बोटे होती. पुढची गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. जानेवारी १९०८ मध्ये स्मट्सशी तडजोड झाली: तुम्ही स्वेच्छेने नोंदणी करा, कायदा आम्ही मागे घेतो. गांधी स्वेच्छेने ठसे द्यायला निघाले, तर मीर आलम या त्यांच्याच एका पठाण अशिलाने रस्त्यात त्यांना बेदम मारले. गांधींनी तरीही नोंदणी केली. कायदा मागे घेतला गेला नाही. मग त्याच ऑगस्टमध्ये हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांवर दाखले कढईत टाकून जाळले. ‘स्वेच्छेने’ या शब्दाचे सरकारच्या हातात काय होते, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्रातला. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी हजर होते. क्रमांक ऐच्छिक होता. त्यासाठी कायदा? नव्हता. तो आला २०१६ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी, तोही धन विधेयक म्हणून, ज्यात राज्यसभेला नुसता सल्ला देता येतो. तोवर रेशन, गॅस, शिष्यवृत्ती, सगळीकडे तो ‘ऐच्छिक’ क्रमांक लागू लागला होता. आणि हे एका पक्षाचे पाप नाही बरं का. एकाने पेरले, दुसऱ्याने खुरपले. दोघांनाही पीक हवे होते.

त्या काळातल्या बातम्या आठवा. मी मास्तर माणूस, मला व्याकरण आधी दिसते. आपल्याकडची तंत्रज्ञानाची बातमी भविष्यकाळात राहते. होणार, मिळणार, बसणार, आळा बसणार, पारदर्शकता येणार. ड्रोन येणार, एआय येणार, गुन्हेगारांची खैर नसणार. वर्तमानकाळ या बातमीला मानवत नाही. भूतकाळ तर नाहीच, कारण मागच्या ‘होणार’चे काय झाले हे विचारणारा वार्ताहर ठेवायला पैसे लागतात. दुसरे, या बातमीत कर्ता नसतो. ‘प्रणाली विकसित करण्यात आली आहे.’ कुणी केली, किती पैशात, चुकली तर जबाबदार कोण? ‘करण्यात आली आहे.’ आणि बिघडल्यावर एकच वाक्य, जे आता मराठीच झाले आहे: ‘सर्व्हर डाउन आहे.’ इतके निर्दोष वाक्य जगात नाही. यात गुन्हेगारच नाही! पूर्वी तलाठी ‘उद्या या’ म्हणायचा तेव्हा निदान त्याच्याशी भांडता यायचे.

कुणी म्हणेल, सर फार सिनिकल झालात. चांगला शब्द आहे. मूळचे सिनिक म्हणजे डायोजिनीस आणि मंडळी. सिकंदर त्याच्यासमोर उभा राहून काय हवे ते माग म्हणाला, तेव्हा त्याने एवढेच मागितले, की जरा बाजूला हो, ऊन अडवतोस. याला तुम्ही निराशा म्हणता? मला तर यात पुष्कळ अपेक्षा दिसते.

आता आपल्या मायबहिणींचा विषय. लाडकी बहीण योजना, जुलै २०२४ पासून, महिना १५०० रुपये. पैसा थेट खात्यात आला, मधला दलाल गेला. हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि ज्या बाईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे आले तिच्यापुढे मी प्रवचन झोडणार नाही. मग बातमी आली की चौदा हजारांवर पुरुषांनीच पैसे उचलले. म्हणजे तपासणी हवी हेही खरे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये तपासणी कशी काढली? ई-केवायसी. बाईने आपला आधार द्यायचा, ओटीपी द्यायचा. नंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. कुटुंबाचे उत्पन्न बघायचे म्हणून.

बघा, काय झाले. योजना बाईची, खाते बाईचे आणि किल्ली पुरुषाच्या मोबाइलमध्ये. नवरा ऊस तोडायला गेलेला, नवरा दारू पिऊन पडलेला, नवऱ्याने टाकलेली. ‘ओटीपी सांगतो, आधी निम्मे पैसे दे’ म्हणणारा नवरा काय कमी आहेत? आणि ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत त्यांचा अर्ज पुढेच सरकेना. ओरड झाली, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, विधवा आणि घटस्फोटितांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडीताईकडे द्यावा असे ठरले. पण टाकून दिलेल्या बाईकडे कोणता दाखला असतो? ‘मला टाकले आहे’ असे प्रमाणपत्र कोणते कार्यालय देते? ज्याने हा फॉर्म आखला त्याच्या मनात दुष्टपणा नसेल. त्याच्या मनात फक्त दोन रकाने होते, नवरा किंवा बाप. हे दोन रकाने मनुस्मृतीपासून चालत आलेत, आता ते सर्व्हरवर आहेत इतकेच.

सरकारचा अतिरेक म्हटले की आपल्या डोळ्यापुढे काठी येते. तो फॉर्ममधूनही येतो, रकाना नसण्यातून.

कोर्टाने काय केले ते थोडक्यात. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशी ओलांडल्यावर, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. माझ्या वयाच्या लोकांनी हे लक्षात ठेवावे. सरकारच्या वकिलांनी २०१५ मध्ये सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की आहे. त्यात एक गोष्ट आपल्या मराठी घरातली. १९७६ मध्ये आणीबाणीत, अटक झालेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही असे म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत यशवंतराव चंद्रचूड होते; विरोधात एकटे खन्ना. २०१७ मध्ये धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला. पुढे २०१८ मध्ये आधारचा निकाल चार विरुद्ध एक लागला. खासगी कंपन्यांना रोखले, रेशनसाठी मात्र आधार चालू ठेवला. धन विधेयकाचा मार्ग म्हणजे घटनेशी केलेली लबाडी आहे असे म्हणणारा एकटा आवाज पुन्हा धनंजय चंद्रचूडांचा. आपल्याकडे बरोबर असणारे न्यायमूर्ती बहुधा अल्पमतात असतात.

आणि मिळालेल्या हक्काचे पुढे काय झाले? २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्यातच आहे. शिवाय त्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातले कलम बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा विचार त्या कलमातच होता. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले. दुसऱ्या कलमात सार्वजनिक हिताची वाट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीतून जाते. म्हणजे उद्या तुम्ही रोजगार हमीच्या हजेरीपटावरची नावे मागा, ‘वैयक्तिक आहे’ असे उत्तर मिळू शकते. नागरिकाने स्वतःसाठी मागितलेला पडदा सरकारने स्वतःच्या खिडकीला लावला.

आपल्या आजोबांना यातले नवे काही वाटले नसते. हा सगळा मुलूख निजामाचा. ‘गश्ती निशाण ५३’ हे शब्द इथल्या जुन्या घरांत अजून ठाऊक असतील: परवानगीशिवाय सभा नाही. आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली ती संघटना रीतसर स्थापन होण्याच्या आधी! जन्माआधी मृत्यूचा दाखला. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांसाठीच आहे, असे सरकार सांगते. पण बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचा. प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेचा प्रचारही त्यात येतो. जोहान्सबर्गच्या त्या कढईचे काय करायचे मग? विधानसभेत उघड विरोधात उभा राहिलेला आमदार एक, विनोद निकोले. बारा हजारांवर सूचना आल्या होत्या.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ हा प्रश्न मला दर व्याख्यानात विचारतात, म्हणून आधीच घेतो. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याच्याकडे ठेवले जाऊ शकते. भीमा-कोरेगाव खटल्यात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल या संस्थेने केली आणि २०२१ मध्ये अहवाल दिला, की बाहेरून शिरून त्यात कागदपत्रे ठेवली गेली होती. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. खटल्यात याचा निवाडा व्हायचा. पण विल्सन २०१८ मध्ये आत गेले आणि जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. यंत्र खोटे बोलते की खरे, हे ठरायच्या आत साडेसहा वर्षे गेली.

आता राहिला आपला रेशनचा अंगठा. इथे दोन गोष्टी लिहून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे परिपत्रक ऑक्टोबर २०१७ पासून आहे. दुकानदाराला दुसऱ्या ओळखपत्रावर धान्य देऊन वहीत नोंद करता येते. दुसरी, नेट बंद असले तरी माणसाला भूक लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरात सरकारनेच इंटरनेट बंद केले होते. ज्या तारेशिवाय धान्य मिळत नाही ती तार तोडायचा अधिकार देणाऱ्याच्याच हातात असेल, तर त्या दिवशीची वही कुठे आहे, हे दुकानात जाऊन विचारा. मी विचारली होती. दुकानदार म्हणाला, “सर, वही होती, पण आता कुणी बघतच नाही म्हणून ठेवली नाही.”

त्या म्हातारीचे विचारताय ना? दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवड्याने, बाजाराच्या दिवशी आली. त्या पोराने चेहऱ्यावर काम केले, तीनदा तिला पदर मागे घ्यायला लावून. ती मला म्हणाली, “काय की बापू, त्याला माझं तोंड पटलं.” पुढच्या नोव्हेंबरात आम्ही दोघे पुन्हा रांगेत असूच.

प्रश्न असतील तर विचारा, लाइट आहे तोवर.