'लिंक' हा शब्द कोणाचे काम करतो?



आजच्या व्याख्यानाचा विषय एक शब्द आहे, आणि तोही इंग्रजी. तत्त्वज्ञानाचा माणूस व्याकरणाच्या वावरात कशाला शिरला, असे कोणी म्हणेल. पण शब्दांची झडती घेणे हे आमच्या शास्त्राचे जुने काम आहे. आणि 'लिंक' या शब्दाची झडती आता घ्यायलाच हवी. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शाळेत न गेलेल्या माणसाच्या तोंडीही तो बसला आहे, आणि त्याच्यावाचून पैसा, खत, दाखला यांतले काहीच पुढे सरकत नाही.

आधी नीट पाहू या. जोडण्यासाठी इंग्रजीतून आपण एक नव्हे, चार शब्द घेतले आणि चौघांना वेगवेगळी कामे वाटून दिली. 'कनेक्शन' नळाचे, विजेचे, गॅसचे असते. 'जॉइन' माणूस नोकरीवर होतो. 'अटॅच' म्हणजे अर्जाला लावलेले कागद. शिवाय खोलीला लागून असलेले न्हाणीघर, आणि कोर्टाच्या भाषेत चक्क जप्ती! आणि 'लिंक' म्हणजे आधार, मोबाइल, खाते. बोलता बोलता विषय निसटला तर 'लिंक तुटली' असेही आपण म्हणतो. इंग्रजीत हे शब्द एकमेकांचे शेजारी. कित्येकदा एकाच्या जागी दुसरा चालतो. मराठीत आल्यावर त्यांचे पर्यायपण संपले. 'मी तलाठी म्हणून कनेक्ट झालो' असे कोणी म्हणत नाही.

यात वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही शुद्धीवाले नाही. 'रुजू', 'हजर', 'जमा' हे शब्दही बाहेरूनच आले आणि घरचे झाले. परका शब्द आला म्हणून भाषा बाटत नाही. आमची कसोटी वेगळी आहे. नवा शब्द आल्यावर आपल्याला आधी दिसत असलेला एखादा भेद दिसेनासा झाला का? झाला असेल, तर त्यात तोटा कोणाचा झाला?

आता आपली घरची श्रीमंती बघा. फुले गुंफतात, मणी ओवतात, मोडलेले सांधतात, बैल जुंपतात, कागद डकवतात, कलम बांधतात, सोयरीक जुळवतात. प्रत्येक क्रियापदात वस्तू वेगळी, हाताची हालचाल वेगळी. त्यातही 'जोडणे' आणि 'जुळणे' ही जोडी फार महत्त्वाची. जोडणाऱ्याला कर्ता लागतो. जुळणे आपसूक होते. 'त्याने माणसे जोडली' यात त्याचे कष्ट आहेत. 'त्यांचे सूत जुळले' यात कोणाचेच नाहीत. आणि 'जोडणे' याचा आणखी एक जुना अर्थ आहे: मिळवणे, कमावणे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) दोन्ही अर्थ आहेत, आणि तुकोबांच्या गाथेतही 'जोडणे' कमावण्याच्या अर्थाने येते. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी जोडणे ही मेहनतीची गोष्ट होती. बैलाच्या मानेवरचे 'जू' संस्कृत 'युग'वरून आले. 'योग' त्याच कुळातला, आणि गंमत म्हणजे इंग्रजी 'जॉइन' आणि 'योक' हेही त्याच मुळाचे लांबचे सोयरे. तेव्हा भांडण इंग्रजीशी नाही; ती निघाली घरातलीच.

आता थोडे आमच्या शास्त्राकडे येतो. न्याय-वैशेषिकांनी जोडण्याचे दोन मोठे प्रकार मानले, संयोग आणि समवाय. आधी वेगळ्या असलेल्या दोन वस्तू एकत्र आल्या की संयोग. तो तुटू शकतो. समवाय तुटत नाही. त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे तंतू आणि पट, सूत आणि कापड. कापसाच्या जिल्ह्यात हे उदाहरण फोडून सांगायची गरज नाही. सूत काढून घ्या, कापड उरतच नाही.

संयोगाचे त्यांनी पुन्हा तीन प्रकार केले, आणि आज आम्हाला तेच हवे आहेत. पहिला, एकाच्याच हालचालीने झालेला: ससाणा येऊन खांबावर बसतो, खांब जागचा हलत नाही. दुसरा, दोघांच्या हालचालीने झालेला: दोन मल्ल भिडतात. तिसरा, संयोगातून जन्मलेला संयोग: हात पुस्तकाला लागला म्हणून शरीर पुस्तकाला लागले. म्हणजे 'हे जोडलेले आहे' एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणाच्या कृतीने जोडले गेले, हे त्यांनी विचारले. हा प्रश्न नुसता पंडिती नाही, हे आता दोन उदाहरणांत पाहू.

पहिले उदाहरण. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान यवतमाळला आले होते. पीएम-किसानचा सोळावा हप्ता इथूनच सोडला गेला, वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते. पैसे आले नाहीत की शेतकरी विचारतो, आणि उत्तर मिळते, 'लिंक नाही'. तो म्हणतो, 'अहो, मी तर केलं!' दोघेही खरे बोलत असतात. कारण इथे 'लिंक' या एका शब्दात किमान तीन वेगळ्या जोडण्या दडल्या आहेत. बँकेत ओळखीसाठी आधार क्रमांक नोंदवणे, ही एक. आधारला मोबाइल क्रमांक जोडणे, म्हणजे ओटीपी येतो, ही दुसरी. आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यादीत त्या आधार क्रमांकापुढे एका बँकेचे नाव बसणे, ही तिसरी. आधारवर आधारलेले सरकारी अनुदान या तिसऱ्या वाटेने येते.

फरक नीट ध्यानात घ्या. पहिल्या प्रकारात खात्याला आधार जोडला. असा तो चार बँकांतल्या चार खात्यांना जोडता येतो. तिसऱ्यात आधारला बँक जोडली. तिथे एका वेळी एकच बसते, आणि शेवटी जिची नोंद झाली ती राहते. एखाद्याने मधे दुसरे खाते उघडताना संमतीच्या कागदावर सही केली, तर पैसा तिकडे वळतो, आणि तो माणूस जुन्या पासबुकावर नोंद करून घेत बसतो. 'कशाला काय जोडले' हे मराठीची 'ला' विभक्ती चोख सांगत होती. 'लिंक आहे, लिंक नाही' या बोलण्यात ती विभक्तीच गळाली. आणि हा तिसरा संयोग, संयोगातून जन्मलेला. साखळीतली एक कडी सुटली तर कोणती सुटली हे शोधावे लागते. 'लिंक नाही' म्हटल्याने ते कळत नाही.

दुसरी गोष्ट कर्त्याची. 'लिंक नाही झालं.' कोणी केले नाही? अर्जदाराने? बँकेने? सेवाकेंद्राने? वाक्यात कोणीच नाही. खिडकीच्या आतला माणूस सुटला, बाहेरचा मात्र पुन्हा उन्हात. आपल्याकडे दाखल्यांच्या केंद्राला 'सेतू' म्हणतात, आणि अनुदान ज्या व्यवस्थेतून येते तिच्या नावातही 'ब्रिज' आहे. दोन्ही नावे पुलाची. पूल पडला तर कोणाच्या अखत्यारीतला, असे आपण विचारतो. इथे तसे विचारायला वाक्यात जागाच उरत नाही.

दुसरे उदाहरण याहून कडू आहे. हंगामात कृषी केंद्रावर युरिया मागा. युरिया हवा तर सोबत हेही घ्या, म्हणून न मागितलेली बाटली किंवा दुसरे खत पुढे सरकवले जाते. याला नाव काय? 'लिंकिंग'. कृषी विभागही 'लिंकिंग करू नका' असेच बजावतो. या कृत्याला मराठीत रोकडा शब्द होता, 'माथी मारणे'. त्यात मारणारा आहे, ज्याच्या माथी मारले तोही आहे. 'लिंकिंग' म्हटले की सक्तीला एकदम तांत्रिक चेहरा येतो. न्यायशास्त्राच्या भाषेत हा ससाण्याचा संयोग, आणि आपण बोलतो असे की जणू दोघेही राजीखुशीने जवळ आले.

आणि हा शब्द तसा नवाही नाही. सहकाराच्या काळात पीककर्जाची विक्रीशी सांगड घालायची, म्हणजे मालाच्या पैशातून कर्ज वळते करायचे, यालाही 'लिंकिंग' म्हणत. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीतही चुकाऱ्यातून कर्जवसुली होत असे. पण तिथे निदान नियम छापलेला होता आणि जोडणारा कोण हे ठाऊक होते. तोच शब्द आज दुकानाच्या गल्ल्यावर आला आणि नियम मागे राहिला.

कोणी म्हणेल, मग सरकारी मराठी वापरा: 'संलग्न', 'जोडणी'. त्याने भागत नाही. 'जोडणी प्रलंबित आहे' या वाक्यात एकही इंग्रजी शब्द नाही, पण कर्ता तिथेही फरारच आहे. क्रियापदाचे नाम केले की करणारा माणूस अदृश्य होतो, मग शब्द संस्कृत असो की इंग्रजी. म्हणून आमची टीका 'लिंक' शब्दावर नाही, त्याच्या आडोशाला उभे राहण्याच्या सवयीवर आहे. गप्पांमध्ये 'लिंक तुटली' खुशाल म्हणा. तिथे कोणाचा हप्ता अडकत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. इथे बसलेल्यांत शिक्षक आहेत, बँकेतली माणसे आहेत, केंद्र चालवणारी तरुण मुले आहेत. 'लिंक नाही' हे वाक्य जिभेवर आले की त्याची तीन वाक्ये करा: काय, कशाला जोडलेले नाही, ते कोणी जोडायचे आहे, आणि त्यासाठी कुठे जायचे. 'तुमच्या आधारपुढे अमुक बँकेचे नाव आहे, या बँकेचे नाही. इथे संमतीचा अर्ज द्या, पुढची नोंद बँक करील.' बोलायला अर्धा मिनिट लागतो, समोरच्याची एक खेप वाचते. आणि खिडकीबाहेर उभे असाल तर हेच तीन प्रश्न तुम्ही विचारा, आवाज न चढवता, उत्तर मिळेपर्यंत.