‘मर्यादेत आहे’ हे उत्तर नव्हे

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात उकणी, निलजई, मुंगोली, घोन्सा अशा कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. पलीकडे वर्धा नदी, भोवती कापूस-तुरीची काळी शेते, आणि शेताशेतांत विहिरी. अशा एखाद्या गावातली विहीर मार्चमध्येच तळाला गेली, की शेतकरी साधा प्रश्न विचारतो : हे खाणीमुळे झाले का? खाणींच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल मात्र या प्रश्नाला जवळजवळ नेहमी एकच उत्तर देतात : सर्व मापे मर्यादेत आहेत. आमचे म्हणणे असे, की हे उत्तर खोटे नसले, तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे.

नियम कमी आहेत असे नाही. मोठ्या कोळसा खाणींना पर्यावरण मंजुरी देताना परिसरातील विहिरींची पातळी जानेवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर अशी वर्षातून चारदा मोजावी, आणि अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा, अशा अटी सर्रास घातल्या जातात. खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली मानके ठरवली. सामू ५.५ ते ९, तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, शिवाय तेल, नायट्रेट वगैरे. मोजणी होते, आकडे जमतात. उणीव आहे ती तुलनेची.

प्रथम पातळी घेऊ. उघडी खाण भूजलाच्या पातळीखाली खोदली, की भोवतालच्या वालुकाश्मातले पाणी खड्ड्याकडे झिरपते आणि पंपाने उपसून नाल्यात सोडावे लागते. खड्ड्याभोवती पाण्याची पातळी उतरत्या नरसाळ्यासारखी होते. पण विहिरी उन्हाळ्यात सगळीकडेच उतरतात, आणि गहू-हरभऱ्यासाठी शेजाऱ्याने बोअर घेतली तरीही उतरतात. मग खाणीचा वाटा वेगळा कसा काढायचा?

त्यासाठी दूरची, पण तशाच खडकातली आणि तशाच पिकांतली एक विहीर जोडीला हवी. समजा, ऑक्टोबर ते मे या काळात दूरची विहीर ४ मीटर उतरली आणि खाणीजवळची ९ मीटर. फरक ५ मीटर. हा फरक खाण सुरू होण्यापूर्वीही ५ मीटरच असेल, तर खाणीला दोष देता येणार नाही. तेव्हा तो १ मीटर असेल, तर मात्र खाणीला उत्तर द्यावे लागेल. जुनी नोंद आणि दूरची विहीर या दोन्हींवाचून ‘पातळी ९ मीटर उतरली’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही, ना शेतकऱ्याचे, ना खाणीचे.

पातळी वाढली तरी निर्धास्त होऊ नये. खाणीचे उपसलेले पाणी ज्या नाल्यातून वाहते, त्याच्या काठच्या विहिरी त्या पाण्यानेच भरलेल्या असू शकतात. शिवाय उथळ विहिरीत पाणी टिकून असताना खालच्या वालुकाश्मातले पाणी आटत असू शकते. म्हणून वेगवेगळ्या खोलीच्या, केवळ मोजणीसाठी खोदलेल्या अरुंद नळ्या, म्हणजे पीझोमीटर, लागतात.

आता गुणवत्ता. कोळशात आणि त्याबरोबरच्या खडकांत लोह व गंधक यांचे पायराइट हे खनिज असते. खड्ड्यात आणि मातीदगडांच्या ढिगाऱ्यांत त्याला हवा-पाणी लागले, की गंधकाम्ल तयार होते. वाटेत चुनखडी भेटली तर हे आम्ल तिथेच उदासीन होते. आपल्या काळ्या मातीत नांगरताना निघणारे चुनखडीचे खडे शिक्षकांना परिचित आहेतच. मग सामू ७-८ असा उत्तम येतो. पण पाण्यात सल्फेट आणि कठीणपणा वाढलेला असतो. म्हणजे रोग दाखवणारे माप सामू नसून सल्फेट आहे, आणि २००० च्या मानकांतील मुख्य यादीत नेमके तेच नाही! पिण्याच्या पाण्यात सल्फेट २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. एखाद्या विहिरीत ते ४० वरून १८० झाले, तरी ती ‘मर्यादेत’च राहील. चौपटीहून अधिक झालेली ही वाढ अहवालात दिसणार कशी?

या जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. पांढरकवडा-वणी भागातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. ते खडकांतून, निसर्गतः येते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते. आधीची नोंद नसेल, तर इथे दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. खाणीने न केलेले पाप तिच्या माथी येते, किंवा ‘हे तर निसर्गाचेच’ म्हणून खरा बदलही झाकला जातो. उथळ विहीर आटल्यावर गावाला खोल बोअरचे पाणी प्यावे लागले, तर फ्लोराइड निसर्गाचे असूनही ते प्यायला लागण्याचे कारण वेगळे असू शकते. हा भेद मर्यादेच्या रकान्यात मावत नाही.

मर्यादा निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. आज हे पाणी प्यावे का, हे त्याच सांगतात. पण निरीक्षणाचे काम बदल पकडणे हे आहे, आणि बदल पकडायला मर्यादेपेक्षा मालिका लागते. प्रत्येक अहवालात आकड्याशेजारी खाणीपूर्वीचा आकडा, दूरच्या विहिरीचा आकडा आणि त्या हंगामाचा पाऊस छापावा, एवढी सुधारणा केली तरी पुष्कळ होईल.

हे काम शाळेलाही जमण्यासारखे आहे. गावातील दोन विहिरी निवडाव्यात, एक खाणीजवळची, एक दूरची. कठड्यावर रंगाने खूण करून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, मोटर रात्रभर बंद असेल अशा सकाळी, वजन बांधलेल्या टेपने खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. वहीत पाऊसही लिहावा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये मोजते, त्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहावेत. पाच वर्षांनी मुले दहावी ओलांडून जातील, पण वही शाळेत राहील. मग मार्चमध्ये तळ दिसलेल्या विहिरीचा मालक शाळेत आला, तर त्याला दाखवायला आपल्याजवळ काहीतरी असेल.