नऊ आकडी गुपित

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच महिन्यात सगळे बजावतात की सोशल सिक्युरिटी नंबर कुणाला सांगू नका. त्याच महिन्यात तो घरमालकाला, बँकेला, फोन कंपनीला आणि दातांच्या डॉक्टरच्या फॉर्मवरही लिहून द्यावा लागतो. हा नंबर म्हणजे माणसाचं नाव आहे की किल्ली, हे या देशाने अजून ठरवलेलं नाही. नाव चारचौघांना माहीत असावंच लागतं, किल्ली मात्र फक्त आपल्या खिशात हवी. एकाच गोष्टीकडून दोन्ही कामं करून घेतली की जे व्हायचं तेच इथे होत आलंय. ऑनलाइन सुरक्षेच्या रोजच्या वैतागाला आपण तांत्रिक कटकट समजतो. मला ती मुळात राजकीय वाटते.

हा नंबर १९३६ साली आला तो निवृत्तिवेतनाच्या हिशोबासाठी, कुणी किती कमावलं याची नोंद ठेवायला. १९४६पासून कार्डावर ‘हे ओळखीसाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापली जाई. १९७२मध्ये ती काढून टाकली. तोवर ती खोटी ठरून बराच काळ लोटला होता. राष्ट्रीय ओळखपत्राचा नुसता विषय निघाला तरी इथल्या उजव्यांना सरकारी दंडेली दिसते आणि नागरी हक्कवाल्यांना पाळत. दोन्ही भीती अनाठायी नाहीत. (आधारच्या बाबतीत आपण दुसऱ्या टोकाचे प्रश्न पाहतोच आहोत, पण तो वेगळा लेख.) परिणाम मात्र असा, की सरकारने माणसांना क्रमांक देऊ नयेत म्हणून इतकं जपणाऱ्या देशात तोच क्रमांक तीन खासगी क्रेडिट कंपन्यांच्या हाती आहे. आणि त्यांच्या दप्तरात आपलं नाव असावं का, हे आपल्याला कुणी विचारत नाही.

त्या तिघांपैकी इक्विफॅक्सने ७ सप्टेंबर २०१७ रोजी आपल्याकडची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर केलं. आकडा शेवटी सुमारे १४.७ कोटी माणसांवर गेला. चोर ज्या भोकातून शिरले, त्यासाठीचं ठिगळ मार्चमध्येच उपलब्ध होतं. ते लावलं गेलं नव्हतं. २०१९च्या तडजोडीत माणशी १२५ डॉलरपर्यंत मिळतील अशी बातमी आली आणि आमच्या लॅबमध्ये त्या रकमेचं काय करायचं यावर जेवणाच्या सुट्टीत चर्चाही झाल्या. पण त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती ३.१ कोटी डॉलर. भागाकार करून पाहा, जेमतेम अडीच लाख लोकांना पुरेल. अर्जांचा पूर आला तेव्हा फेडरल ट्रेड कमिशननेच लोकांना सुचवलं, की पैशांऐवजी फुकट क्रेडिट मॉनिटरिंग घ्या.

अशा चोऱ्यांनंतर घरी येणारी पत्रं मी आता एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचते. सुरुवातीला तुमची गोपनीयता आमच्यासाठी किती महत्त्वाची आहे याचं आख्यान. मग कर्मणी प्रयोग सुरू होतो: माहिती मिळवली गेली असण्याची शक्यता आहे. कर्ता शोधूनही सापडत नाही. शेवटच्या परिच्छेदात मात्र एकदम आज्ञार्थ: पासवर्ड बदला, खाती तपासत राहा, सावध राहा. कंपनीचा हलगर्जीपणा आणि माझा गृहपाठ.

राजकारण्यांना सुरक्षेत रस नाही असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या पक्षाचा माणूस घसरला की भरपूर रस असतो. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ईमेल सर्व्हरवरून त्यांना तुरुंगात टाकण्याच्या घोषणा सभांमध्ये घुमत होत्या. मार्च २०२५मध्ये येमेनवरच्या हल्ल्याच्या वेळा सिग्नलवरच्या ग्रूपमध्ये लिहिल्या गेल्या, आणि त्यात ‘द अटलांटिक’चे संपादक चुकून सामील करून घेतलेले निघाले. तेव्हा त्या घोषणा कुठे गेल्या?

माझा कल डेमोक्रॅट्सकडे आहे, म्हणून पुढचं मला जास्त टोचतं. इंटरनेट कंपन्यांनी आपल्या ब्राउझिंगची माहिती विकण्याआधी संमती घ्यावी, हा नियम रिपब्लिकनांनी मार्च २०१७मध्ये रद्द केला: सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८, हाउसमध्ये २१५ विरुद्ध २०५. बाजूने एकही डेमोक्रॅट नव्हता. इथवर खलनायक ओळखणं सोपं आहे. पण २०२२मध्ये देशभरासाठीच्या गोपनीयता कायद्याचा मसुदा हाउसच्या समितीत ५३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला (आजच्या अमेरिकेत ५३ विरुद्ध २!) आणि सभागृहात मतदानाला आलाच नाही. सभापती होत्या नॅन्सी पेलोसी. त्यामुळे कॅलिफोर्नियाचं स्वतःचं संरक्षण दुबळं होईल, हा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य होतं. पण ज्या बहुतेक राज्यांत असा कायदाच नव्हता, तिथल्या लोकांनी काय करायचं? दोन वर्षांनी टिकटॉकविरुद्धचा कायदा मात्र मांडल्यापासून दोन महिन्यांच्या आत सहीसकट तयार. आपली माहिती चिनी कंपनीकडे नको हे चटकन ठरतं. अमेरिकन कंपनीकडे किती असावी, हे ठरतच नाही.

तोवर आपण सुरक्षाप्रश्नांची उत्तरं देत बसायचं. आईचं माहेरचं आडनाव हे गुपित मानणाऱ्याने मराठी लग्नपत्रिका पाहिलेली नसावी. मामांची अख्खी फौज त्यात आडनावासकट छापलेली असते. वडिलांचं मधलं नाव म्हणजे तर थेट आजोबा. २००८मध्ये सारा पेलिन यांचं याहू खातं एका विद्यार्थ्याने असेच प्रश्न सोडवून उघडलं होतं, उत्तरं इंटरनेटवर शोधून. अमेरिकी सरकारच्याच मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७मध्ये सांगून टाकलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका आणि पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव विचारण्याच्या भानगडीत पडू नका. ते बंधनकारक फक्त केंद्र सरकारच्या यंत्रणांना. मी जिथे काम करते तिथे दर सहा महिन्यांनी पासवर्ड बदलावाच लागतो. आणि पुण्यात उतरल्यावर अमेरिकन बँकेचा कोड घरी राहिलेल्या सिमवर जातो, इथे असताना भारतीय बँकेचा ओटीपी आईच्या फोनवर, हे तर वाचकांपैकी कुणाला नव्याने सांगायला नको.

इक्विफॅक्सनंतर काँग्रेसने एक गोष्ट केली, ती नोंदवायला हवी. सप्टेंबर २०१८पासून क्रेडिट फ्रीझ फुकट झालं. आपल्या नावावर परक्याने कर्ज काढू नये म्हणून ते उपयोगी आहे, केलं नसेल तर जरूर करा. तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळं करावं लागतं, आणि नवीन घर भाड्याने घेताना किंवा गाडीसाठी कर्ज काढताना तेवढ्यापुरतं काढावं लागतं. अर्ज दहा मिनिटांत होतो. ओळख पटवायला त्यात तोच नऊ आकडी नंबर विचारतात.