सुधाकराला लाज कुणाची?

मंडळी, 'एकच प्याला' म्हटलं की आधी तळीराम आठवतो. तो रंगवणारे जयंत सावरकर २०१७ च्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपल्या धाराशिवात आले होते. आज मात्र आपण सुधाकराकडे बघू.

गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात रंगभूमीवर आलं. दारूचे दुष्परिणाम दाखवणारं नाटक, एवढं म्हणून आपण मोकळे होतो. पण सुधाकर पितो कधी? कोर्टात अपमान होऊन वकिलीची सनद अडकते तेव्हा. शपथ घेऊन सोडतो, मग पुन्हा कधी पितो? काम मागायला गेल्यावर लोक हिणवतात तेव्हा. दोन्ही वेळा घरातल्या हालांपेक्षा चारचौघांतली अब्रूच त्याला जास्त बोचते.

शेवटी त्याच्या हातून मूल मरतं, सिंधू घायाळ होते आणि तीच पोलिसांपुढे त्याचा गुन्हा झाकते. आता नाव वाचलं असतं. नेमकं तेव्हा तो विष घेतो. आर्थर मिलरच्या 'द क्रुसिबल'मधला प्रॉक्टर आपलं नाव राखायला फासावर जातो. सुधाकर मात्र आयतं वाचलेलं नाव नाकारतो. आम्हाला त्याचा खरेपणा इथे दिसतो. पण त्याची किंमत सिंधूने मोजली, हे टाळ्या वाजवताना विसरायचं नाही.