उबवणीचा काळ आणि नवजात पिल्लांचा अस्थिविकास : एक चिकित्सा

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजमुळे पुण्याला भारतीय कुक्कुटव्यवसायात महत्त्वाचे स्थान लाभले. या व्यवसायात यशाचे मोजमाप सामान्यतः शंभर अंड्यांमागे किती पिल्ले निघाली, यावरून होते. नारायण पेठेतील गिऱ्हाईक किलोमागचा भाव विचारते. परंतु पिल्लू आपल्या पायांवर किती समर्थपणे उभे राहील, हा प्रश्न दोन्ही हिशेबांबाहेर राहतो.

कोंबडीच्या अंड्याची उबवणी २१ दिवसांची मानली जाते. प्रत्यक्षात एकाच यंत्रातील पहिल्या व शेवटच्या पिल्लात एक ते दीड दिवसाचे अंतर पडू शकते. सर्व पिल्ले एकाच वेळी बाहेर काढली जात असल्याने लवकर निघालेले पिल्लू अन्नपाण्यावाचून, केवळ पोटातील बलकावर तिष्ठत राहते. उबवणीच्या उत्तरार्धात गर्भाच्या हाडांना कॅल्शियम प्रामुख्याने कवचातून मिळते. पिल्लू बाहेर पडताच हा पुरवठा खुंटतो. म्हणूनच निघण्याची वेळ अस्थिविकासाच्या दृष्टीने गौण ठरत नाही.

या संदर्भात ग्रोव्ह्ज व म्यूर या ऑस्ट्रेलियन संशोधकांचा २०१४ चा अभ्यास विचारात घ्यावा लागतो. आठ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात जन्मवेळच्या मांडीच्या हाडातील राखेचे प्रमाण आणि सहाव्या आठवड्यात उभे राहण्याची क्षमता यांत ०.५७ इतका सहसंबंध आढळला. ज्या उबवणीत पिल्ले उशिरा निघाली, तेथील पक्षी अधिक काळ उभे राहिले.

तथापि या निष्कर्षाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ०.५७ चा वर्ग केल्यास सुमारे एक-तृतीयांश तफावतीचाच उलगडा होतो. सर्व प्रयोग एकाच वाणावर झाले. शिवाय तापमान बदलले की निघण्याची वेळही बदलते. त्यामुळे परिणाम तापमानाचा की यंत्रातील प्रतीक्षेचा, हे निर्विवादपणे वेगळे होत नाही. स्वतः संशोधकांचा कल प्रतीक्षेकडे आहे. पण कल म्हणजे सिद्धता नव्हे.

खुडूक कोंबडीखाली निघालेले पिल्लू आईच्या उबेत थांबते व लवकरच तिच्यामागे दाणे टिपू लागते. यंत्रातील पिल्लाला ती मुभा नसते. लंगड्या पक्ष्याचा तोटा मात्र शेतकऱ्याच्या शेडमध्ये उघड होतो, हॅचरीच्या नोंदवहीत नव्हे. सारांश, किती पिल्ले निघाली यासोबत ती केव्हा निघाली, याचीही नोंद ठेवली गेल्यावाचून या प्रश्नाची शास्त्रीय मीमांसा अपुरीच राहील.