‘झुंड’ आणि वायोमिंगचा एक हंगाम

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ मी दोन वेळा पाहिला. पहिल्यांदा २०२२ च्या मार्चमध्ये, तो प्रदर्शित झाला तेव्हा; दुसऱ्यांदा अलीकडे, हर्सूलला माझ्या घरी, शेजारच्या वस्तीतल्या पाच-सहा मुलांबरोबर. ही मुले रोज संध्याकाळी मोकळी जागा सापडेल तेथे चेंडू घेऊन उतरतात. मध्यवर्ती कारागृहाची भिंत त्यांच्या नित्याच्या पाहण्यातली आहे. चित्रपट संपला, विमान उडाले, मुलांनी टाळ्या वाजविल्या. एक मुलगा मात्र जागचा हलला नाही. म्हणाला, “सर, तो परत आल्यावर पुढच्या वर्षी टीममध्ये होता का?”

मला उत्तर देता आले नाही. चित्रपटही ते देत नाही. आणि मला वाटते, ‘झुंड’चे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्हींचा शोध याच प्रश्नापासून घ्यावा लागेल.

चित्रपटामागची हकीकत नागपूरची आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळविले आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. पडद्यावर अमिताभ बच्चन यांचा विजय बोराडे पावसात डबा लाथाडत खेळणारी पोरे पाहतो आणि त्यांना फुटबॉल आणून देतो. पण नुसता देत नाही. अर्धा तास खेळा, पाचशे रुपये देतो, असे सांगतो. समीक्षकांनी या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहिले. मला तो साऱ्या चित्रपटाचा कणा वाटतो. ज्यांच्या बापजाद्यांचा प्रत्येक तास कोणी ना कोणी विकत घेतला किंवा फुकट लुबाडला, त्यांच्यापुढे खेळसुद्धा प्रथम मजुरी म्हणूनच येतो. पुढे पैसे बंद होतात, आणि तरीही पोरे येऊन उभी राहतात. आपला वेळ आपला असू शकतो, ही जाणीव या पोरांच्या देहात प्रथमच जागी होते. आमच्या आत्मकथनांनी भुकेचे, पाणवठ्याचे, शाळेच्या उंबरठ्याचे अनुभव जगापुढे मांडले; पण खेळाच्या मैदानाकडे आम्ही फारसे वळलो नाही. ती उणीव मंजुळे भरून काढतात, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

बोराडे हा ‘उद्धारक’ आहे, बाहेरून आलेल्या मास्तराने वस्तीला तारले, असा आक्षेप घेतला गेला. न्यायालयातले त्याचे लांबलचक भाषण ऐकताना आक्षेपात तथ्य आहे असे मलाही वाटले. तेथे मुलांच्या तोंडचे शब्द एका मोठ्या नटाने काढून घेतले आहेत. परंतु चित्रपट त्या भाषणापुरता नाही. मोनिकाचा बाप पासपोर्टासाठी आपण आहोत याचा कागद शोधत दारोदार हिंडतो, तेथे कोणीही उद्धारक नाही. जयंतीची मिरवणूक आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि त्यासाठी चित्रपट कोणाची परवानगी मागत नाही. हिंदी पडद्यावर हे सहज घडत नव्हते.

माझा आक्षेप वेगळा आहे. तो कॉलेजच्या संघाविषयी आहे.

कॉलेजचा संघ आणि बस्तीचा संघ समोरासमोर येतात, आणि बस्ती जिंकते. प्रेक्षक सुखावतो. पण कॉलेजचा संघ एका सामन्यापुरता नसतो. त्याला हंगाम असतो. त्यात सराव असतो, फलकावर लागणारी यादी असते, राखीव खेळाडू असतात, प्रवासभत्ता असतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यादी असते. ज्या कॉलेजात बोराडे आयुष्यभर शिकवितो, त्या कॉलेजच्या यादीत भिंतीपलीकडचे एक तरी नाव का येऊ शकले नाही? हा प्रश्न चित्रपटाने विचारलाच नाही. बस्तीने कॉलेजला हरविले. कॉलेज जसे होते तसेच राहिले. मग मुले विमानात बसून थेट परदेशी जातात. डॉनच्या खिशातले ते हत्यार विमानतळावर गळून पडते, हा क्षण विलक्षण आहे, यात शंका नाही. पण ज्या भिंतीवर ती ओलांडण्यास मनाई असल्याची सूचना आहे, तिच्यावरून विमान निघून जाते. भिंत शाबूतच!

भिंतीच्या आत प्रवेश मिळाल्यावर काय होते, हे पाहायचे तर मला अमेरिकेतल्या एका कॉलेज संघाकडे जावे लागते. निग्रो साहित्य आणि ब्लॅक पँथर यांच्या वाचनातून आमच्या पिढीचा तिकडच्या काळ्या माणसाशी सांधा जुळला. त्याच वाटेवर ही हकीकत मला भेटली. तिकडचा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळायचे, असा तो खेळ. शरद ऋतूत त्याचा हंगाम चालतो आणि गावेच्या गावे कॉलेजच्या संघामागे वेडी होतात. वायोमिंग विद्यापीठाचा संघ १९६९ च्या हंगामात पहिले चारही सामने जिंकला होता. पाचवा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी होता. ते विद्यापीठ मॉर्मन चर्चचे, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा काळ्या पुरुषांना धर्मगुरुपदाचा अधिकार नव्हता. वायोमिंगच्या संघातले चौदा काळे खेळाडू १७ ऑक्टोबरला दंडावर काळ्या फिती बांधून प्रशिक्षक लॉइड ईटन यांच्याकडे गेले. निषेध कसा नोंदवावा, यावर त्यांना बोलायचे होते. बोलणे झालेच नाही. चौदाही जण त्याच दिवशी संघाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी वायोमिंगने तो सामना ४०-७ असा जिंकला! येथे वाचकाने क्षणभर थांबावे. कथा येथेच संपली असती तर व्यवस्थेने म्हटले असते, पाहा, तुमच्यावाचून आमचे काही अडत नाही. पण हंगाम लांब असतो. सॅन होजेच्या संघाला वायोमिंगने हरविले (त्या संघातल्या खेळाडूंनी चौदांच्या पाठिंब्यासाठी फिती बांधल्या होत्या) आणि नंतरचे चारही सामने गमावले. १९७० च्या साऱ्या हंगामात एकच विजय मिळाला, आणि ईटन यांचे प्रशिक्षकपदही संपले. खेळाडू न्यायालयात गेले, तेथे हरले. मॉर्मन चर्चने ती बंदी १९७८ मध्ये उठविली. विद्यापीठाने औपचारिक माफी मागितली ती २०१९ साली, पन्नास वर्षांनी.

या चौदा जणांना मैदान नाकारलेले नव्हते. त्यांना शिष्यवृत्त्या होत्या, पोशाख होते, गर्दीच्या आरोळ्या होत्या. त्यांचा देह हवा होता. त्या देहाला मत आहे, हे कळताच तो नकोसा झाला.

आमच्याकडे बाळू पालवणकरांचे वेगळे काय झाले? चर्मकार जातीतला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतो. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळत नाही. पुण्यात त्याच्या गोलंदाजीवर जिंकणारे लोक त्याला चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात देत. १९२० साली भावाला डावलले म्हणून विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. चेंडू टाकायला हात चालतो, निर्णय घ्यायला डोके चालत नाही, हाच तो विटाळ.

हे मी पुस्तकातून वाचून सांगतो असे कोणी समजू नये. १९७८ च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला, त्या वर्षी मी एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघात होतो. मी आणि आणखी एक मुलगा मोर्चाला गेलो. सराव आम्ही एकही दिवस बुडविला नव्हता. आठवड्याने यादी लागली, तीत आमची दोघांची नावे नव्हती. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, संघ राजकारणासाठी नसतो. आदल्या वर्षी याच मास्तरांनी माझ्या पकडीचे कौतुक करून सर्वांसमोर पाठ थोपटली होती. मला राग आला तो नंतर. त्या वेळी फक्त शरम वाटली, आणि ती कोणाची होती हे कळायला मला बरीच वर्षे लागली. मी हे कधी लिहिले नाही. दंगलीत ज्यांची घरे जळाली त्यांच्यापुढे कबड्डीच्या यादीचे काय एवढे, असे वाटे. आज वाटते, लिहायला हवे होते.

‘झुंड’ने आमच्या मुलांना मैदानाच्या दारापर्यंत आणून उभे केले. दारानंतरचा हंगाम, त्यातले राखीव बाकावरचे महिने, जिंकूनही न मिळणारे कर्णधारपद, फलकावरून गळालेले नाव, हे कोणी तरी लिहिले पाहिजे. आणि ते बोराडे सरांच्या नव्हे, डॉनच्या तोंडून आले पाहिजे. डॉनची भाषा चित्रपटात आहे, त्याची चाल आहे, त्याचा संताप आहे. त्याचा पुढचा वर्षभराचा काळ तेवढा नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी वायोमिंगची हकीकत सांगितली. त्याने चौदा जणांच्या माफीपेक्षा त्यांच्या नंतरच्या खेळाविषयी अधिक विचारले. त्यांना पुन्हा कुठे खेळायला मिळाले का, हे त्याला हवे होते. यंदा त्याने शहरातल्या एका महाविद्यालयात नाव घातले आहे. फुटबॉलच्या निवडीला तो जाऊन आला. यादी अजून लागायची आहे.